पैसा, वस्तू आणि समाधान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चंगळवादावर बोलायला बसलं की थोड्याफार फरकाने हेच प्रश्न येतात. काही प्रामाणिक असतात, काही चिमटा काढणारे, आणि काही 'आमच्या शेजाऱ्यांबद्दल विचारतोय हो' असे. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. जमिनीचा पैसा आणि लग्नाचा खर्च यांवर जास्त लिहिलं आहे, कारण आपल्याकडे हा विषय खऱ्या अर्थाने तिथेच पेटतो.

चांगली गाडी घेतली, चार दागिने केले, म्हणजे मी चंगळवादी झालो का?

नाही. दारात काय उभं आहे यावरून हे ठरत नाही. मार्शा रिचिन्स आणि स्कॉट डॉसन या अमेरिकी अभ्यासकांनी १९९२ मध्ये यासाठी एक प्रश्नावली तयार केली आणि ती अजूनही वापरात आहे. त्यात तीन गोष्टी पाहतात. वस्तू मिळवणं हेच आयुष्याच्या मध्यभागी आहे का? अमुक एक वस्तू मिळाली की मी सुखी होईन, असं वाटतं का? आणि स्वतःचं नि दुसऱ्याचं यश माणूस वस्तूंवरूनच मोजतो का?

या मापाने पाहिलं तर वर्षानुवर्षं भिशी भरून पाटल्या करणारी बाई चंगळवादी ठरत नाही. उलट, खिशात दमडी नसलेला पण 'बुलेट आली की मग बघा' एवढ्यावरच जगणारा पोरगा ठरू शकतो. श्रीमंती आणि हव्यास यांची गल्लत केली की या विषयातली निम्मी चर्चा वाया जाते.

'पैशाने सुख मिळत नाही' हे खरं आहे का?

मला तरी हे वाक्य पोट भरलेल्यांच्याच तोंडून जास्त ऐकू येतं. संशोधन त्याच्या बाजूने नाही.

२०१० मध्ये डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन यांनी अमेरिकेतली साडेचार लाख उत्तरं तपासली. रोजच्या मनःस्थितीपुरतं बोलायचं तर वर्षाला सुमारे ७५ हजार डॉलरपर्यंत पैसा वाढला की माणूस आनंदी होतो, पुढे फारसा फरक पडत नाही, असं त्यांना दिसलं. व्हॉट्सअ‍ॅपवर पोचलं ते एवढंच. त्याच अभ्यासात दुसरीही गोष्ट होती: 'एकूण आयुष्य कसं चाललंय?' या प्रश्नाचं उत्तर मात्र पैशाबरोबर वर चढतच राहिलं होतं. पुढे २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांना रोजचा आनंदही न थांबता वाढताना दिसला. मग कानेमन आणि किलिंग्जवर्थ, दोघांनी बार्बरा मेलर्स यांना मध्ये घेऊन एकत्र बसून आकडे पुन्हा पाहिले. २०२३ चा निष्कर्ष असा: बहुतेकांचं सुख उत्पन्नाबरोबर वाढत राहतं, ठरावीक मर्यादेनंतर ते अडतं ते फक्त सर्वांत दुःखी अशा पंधरा-वीस टक्क्यांचं. त्यांचं दुःख वेगळ्या कारणाचं असतं, ते पगारवाढीने जात नाही.

यात एक मेख आहे. वाढ रुपयांत मोजायची नसते, पटीत मोजायची असते. पंधरा हजार पगाराच्या वॉचमनचे तीस हजार झाले तर जेवढा फरक पडतो, तेवढाच फरक दीड लाखवाल्याला पडायला त्याचे तीन लाख व्हावे लागतात. म्हणून वॉचमनला 'पैसा म्हणजे सर्वस्व नव्हे' हे ऐकवायला कुणी जाऊ नये.

मग बिघडतं कुठे? हव्यासाने माणूस दुःखी होतो, याला पुरावा आहे का?

आहे. पैसा असणं आणि पैशालाच सगळ्यांत वरचं स्थान देणं, या दोन गोष्टींचे परिणाम उलट दिशेने जातात. टिम कॅसर आणि रिचर्ड रायन यांनी १९९३ मध्ये हे दाखवलं: ज्या तरुणांच्या इच्छांच्या यादीत पैसा हा नाती, स्वतःची वाढ आणि लोकांसाठी काही करणं यांच्या वर होता, त्यांची मानसिक स्थिती कमकुवत निघाली. २०१४ मध्ये हेल्गा डिटमार आणि सहकाऱ्यांनी अडीचशेहून जास्त नमुन्यांचा एकत्र आढावा घेतला. वय, देश, उत्पन्न बदललं तरी कल तोच राहिला.

पण हा संबंध मध्यम ताकदीचा आहे, लोखंडी नियम नव्हे. शिवाय तो दोन्हीकडून चालतो. मनात असुरक्षितता असली की माणूस वस्तूंकडे वळतो, आणि वस्तूंच्या मागे लागला की ज्यांनी ती असुरक्षितता कमी केली असती ती नाती, झोप, मोकळा वेळ हेच आधी कापलं जातं. ओव्हरटाइम करून घेतलेल्या सोफ्यावर बसायला माणूस घरी नसतो.

नवी वस्तू चार दिवसांत जुनी का वाटते?

सवय होते म्हणून. लॉटरी जिंकलेले लोक वर्षभराने तुमच्या-आमच्याएवढेच सुखी असतात, हे तुम्ही ऐकलं असेल. ते ब्रिकमन आणि सहकाऱ्यांच्या १९७८ च्या अभ्यासातलं. त्यात विजेते होते फक्त २२. स्वीडनमध्ये मोठ्या रकमा जिंकलेल्यांचा बराच मोठा अभ्यास २०२० मध्ये छापून आला. त्यात दहा वर्षांनंतरही आयुष्याविषयीचं समाधान वाढलेलंच दिसलं. तेव्हा सवय होते हे खरं, पण सगळ्याचीच होत नाही. कर्ज फिटलं, घर स्वतःचं झालं, रात्री फोन वाजला की छातीत धस्स होणं थांबलं, याची सवय होऊन ते बेचव होत नाही. फोनच्या नव्या मॉडेलची होते.

एक वस्तू दुसरीला घेऊन येते, तेही आहेच. फ्रेंच लेखक दिदेरो याला नवा भारी झगा मिळाला आणि त्याच्यापुढे खोलीतली खुर्ची, टेबल, चित्रं सगळी गबाळी दिसायला लागली. एकेक करत त्याने ती बदलली. अठराव्या शतकातली ही तक्रार फ्लॅटचं इंटिरिअर करून घेणाऱ्या कुणालाही वेगळी समजवावी लागत नाही. मॉड्युलर किचन झालं की आईचे पितळेचे डबे कुठे ठेवायचे हा प्रश्न येतोच, आणि उत्तर बहुधा माळा हेच असतं.

शेजाऱ्याने गाडी घेतली तर मला का खुपावं? मी तर साधा माणूस.

साध्या माणसालाही खुपतं. नेदरलँड्समध्ये पिनकोडवर चालणारी एक लॉटरी आहे. एखादा पिनकोड लागला की तिथल्या तिकीट घेतलेल्या घरांना रोख रक्कम आणि नवीकोरी बीएमडब्ल्यू मिळते; ज्यांनी तिकीट घेतलं नाही त्यांना काहीच नाही, फक्त शेजाऱ्याचं दैव बघायचं. अर्थशास्त्रज्ञांना याहून सुरेख प्रयोग कुठे मिळणार? २०११ मध्ये छापलेल्या त्यांच्या अभ्यासात दोन गोष्टी निघाल्या. जिंकलेल्यांपैकी बहुतेकांनी ती गाडी विकून पैसे करून घेतले. आणि विजेत्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या, काहीही न जिंकलेल्या लोकांचा गाड्यांवरचा खर्च वाढला.

आपण तुलना करतो ती आपल्यासारख्यांशी. अंबानींच्या घरचं लग्न आपण करमणूक म्हणून बघतो. झोप उडते ती चुलतभावाच्या लग्नाने. भावकी हा शब्द ज्याला कळतो त्याला यापेक्षा जास्त सांगायला नको. म्हणूनच 'तुलना करू नका' हा सल्ला मला फुकट वाटतो. तुलना आपण एकटे करतच नाही, आजूबाजूचे सगळे मिळून आपल्यासाठी करत असतात.

जमीन विकून पैसा आलेल्या गावांत नेमकं काय झालं? 'गुंठामंत्री' हा फक्त टिंगलीचा शब्द आहे का?

टिंगलीचाच आहे, आणि मला तो आवडत नाही, कारण हसणारे बहुतेक शहरातले असतात. गुंठ्यावर जमीन विकून गबर झालेला, गळ्यात जाड साखळी, पांढरी गाडी, काचेमागे पक्षाचा पट्टा: हे चित्र हिंजवडी, वाघोली, चाकण, मुळशी या पट्ट्यावरून तयार झालं. पिंपरी-चिंचवडच्या एकाने तर तीन किलोंच्या आसपास सोन्याचा शर्टच शिवून घेतला होता आणि त्याचे फोटो जगभर छापून आले.

पण थोडं त्याच्या जागी उभं राहून बघा. बापजाद्यांनी बाजरी, ऊस, भात पिकवला. उत्पन्न हंगामाला यायचं आणि हंगामालाच संपायचं. गावात मान होता तो जमिनीमुळे आणि घराण्यामुळे. एके दिवशी आयटी पार्क येतो, रिंगरोडची मोजणी होते, आणि आयुष्यात न पाहिलेली रक्कम एका खात्यात एका दिवशी पडते. समृद्धी महामार्गाचंच घ्या. ७०१ किलोमीटर लांबी, शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. थेट खरेदीत शेतकऱ्यांना रेडी रेकनरच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी दराच्या, पाचपटीपर्यंत भाव मिळाला. रक्कम वाईट नव्हती. पण जमीन गेली की त्या माणसाची ओळखच जाते. सातबारा हातातून गेल्यावर तो गावात कोण? या प्रश्नाला बाजारात लगेच मिळणारं एकच उत्तर असतं, आणि ते शोरूममध्ये उभं असतं. ती गाडी घेण्यामागे हौस असते तेवढीच, किंवा जास्तच, ही धडपड असते.

बँकेचा माणूस, विमा एजंट, प्लॉटवाला, दुप्पट पैसे करून देणारा, हे सगळे मोबदल्याच्या आधी गावात पोचलेले असतात. मोठ्या रकमेचं काय करायचं हे शिकवणारं मात्र तिथे कुणी नसतं. पिढ्यान् पिढ्या दरमहा पगार घेणाऱ्या घरातला मुलगा एसआयपी बोलतो, यात त्याची हुशारी थोडी आणि वारसा जास्त.

आता त्याच पुण्यातलं हडपसर बघा. तिथली सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबं, बरीचशी मगर घराण्यातलीच, चारशेहून जास्त एकर जमीन घेऊन बसली होती. शहर अंगावर येत होतं. बिल्डरला तुकडे विकण्याऐवजी सतीश मगर यांच्या पुढाकाराने त्यांनी जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली, आणि ज्याची जितकी जमीन तितका त्याचा हिस्सा ठरला. मगरपट्टा सिटी उभी राहिली ती अशी. तरुणांनी बांधकामाला लागणारा पुरवठा, देखभाल यांची कामं स्वतःकडे घेतली. तिथले लोक काही संत नव्हते, गाड्या त्यांनीही घेतल्या असतील. पण पैसा ढिगाने न येता वर्षानुवर्षं येत राहिला, आणि मुख्य म्हणजे 'तू कोण?' या प्रश्नाला त्यांच्याकडे गाडीखेरीज उत्तर उरलं. माती तीच, मोहही तेच. रचना वेगळी केली म्हणून निकाल वेगळा लागला.

या पैशाने नात्यांवर काय परिणाम होतो?

सगळ्यांत आधी बहीण दुरावते. महाराष्ट्राने १९९४ मध्येच कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा हक्क दिला. केंद्राचा बदल २००५ चा. जमीन कोरडवाहू असेपर्यंत या हक्काची कुणाला आठवण नव्हती. भाव आले आणि हक्कसोडपत्राचे कागद निघाले. 'ताई, फक्त एक सही लागते, चहाला ये.' सही केली तर माहेर टिकतं, नाही केली तर दिवाळीची साडी बंद. भावांच्या बाजूनेही कहाणी असते: म्हातारपण आम्ही काढलं, शेतात आम्ही राबलो. ती खोटी नसते. पण चोळी-बांगडीच्या नात्याची किंमत रजिस्ट्रारच्या कार्यालयात ठरायला लागते ती पैशामुळे, आणि याची मोजदाद कुठल्याही सुखाच्या सर्वेक्षणात होत नाही.

काही बहिणी आता सही करत नाहीत. त्यांना 'पैशाला हपापलेल्या' म्हणतात. हक्क मागणारी हावरट आणि हक्क बुडवणारा घराणं सांभाळणारा, हा न्याय मला पटत नाही.

लग्नावर एवढा खर्च करणं चूकच ना?

कुणाची चूक, हा प्रश्न आहे. मुलीच्या बापाला विचारा: 'तुम्हाला एवढं करायचंय का?' तो म्हणेल, नाही. मुलाच्या बापाला विचारा, तोही नाहीच म्हणेल. तरीही लॉन्स ठरतं, ताटाचा भाव ठरतो, प्री-वेडिंगला ड्रोन येतो, हळदीला वेगळे कपडे, संगीत नावाचा कार्यक्रम (जो आपल्याकडे नव्हताच), फेटे, मानपान, आणि व्यासपीठावर पुढाऱ्यांचे सत्कार, तोवर मुहूर्त टळून गेलेला. कुणालाच नको असलेली गोष्ट सगळे मिळून करतात. पहिल्याने थांबवलं तर 'मुलीत काही खोट आहे का?' असं विचारलं जाईल, ही भीती खरी आहे. त्यामुळे साधेपणावरची भाषणं मंडपाबाहेरच राहतात.

हुंड्याचं रूपही बदललं आहे. १९६१ पासून हुंडा देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे. किमान पाच वर्षांची शिक्षा आहे. म्हणून आता कुणी मागत नाही. 'आम्हाला काही नको, तुमच्या मुलीला काय द्यायचं ते द्या. आणि लग्न तेवढं चांगलं करून द्या.' या दोन वाक्यांत गाडी, फ्लॅटचं डाउन पेमेंट आणि तोळे सगळं बसतं. सोन्याने २०२५ मध्ये तोळ्याला लाखाचा टप्पा ओलांडला, पण बैठकीत बोलणं होतं ते तोळ्यांतच. कायद्याच्या दृष्टीने 'लग्नाच्या संदर्भात' प्रत्यक्ष-अप्रत्यक्षपणे दिलेली किंवा द्यायची कबूल केलेली मालमत्ता म्हणजे हुंडा, मग तिला भेट म्हणा की प्रेम. खऱ्या भेटींची यादी ठेवण्याचे नियम १९८५ पासून आहेत. अशी यादी केलेलं घर तुम्हाला माहीत असेल तर त्यांना माझा नमस्कार सांगा.

यावर जे काही चाललं ते एकेकट्याच्या निर्धाराने नाही, गटाने ठरवल्यावर. जोतीराव फुल्यांनी सप्टेंबर १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षाअखेरीस पुरोहिताविना, अगदी किरकोळ खर्चात पहिलं लग्न लावलं. त्यामागे समाज उभा होता म्हणून ते जमलं. एकट्या नवरदेवाने केलं असतं तर लोकांनी चक्रम म्हटलं असतं. २०२५ मध्ये पुणे परिसरात हुंड्यासाठी छळाचा आरोप असलेलं एका विवाहितेच्या मृत्यूचं प्रकरण गाजलं, त्यानंतर मराठा समाजाच्या बैठकांतून लग्नाची आचारसंहिता पुढे आली: पाहुणे मोजके, डीजेला फाटा, प्री-वेडिंगचं प्रदर्शन नको. अशा आचारसंहिता पुष्कळदा कागदावर राहतात आणि त्या मांडणाऱ्यांच्याच घरी आधी मोडतात. तरी दिशा बरोबर आहे. 'आम्ही साधं करतोय' म्हणायला लाज वाटते. 'गावाचं ठरलंय' म्हणायला वाटत नाही.

गरीब लोक लग्नकार्यात उधळतात म्हणून गरीब राहतात, हे खरं ना?

हा समज दीडशे वर्षं जुना आहे आणि त्याचं उत्तरही तेवढंच जुनं आहे. मे १८७५ मध्ये सुप्याला सावकारांविरुद्ध दंगे पेटले, पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. शेतकऱ्यांनी हल्ला केला तो मुख्यतः कर्जाच्या कागदांवर. ब्रिटिश सरकारने आयोग नेमला. तेव्हाही साहेब लोकांचं आवडतं मत हेच होतं: कुणबी लग्नात पैसे उडवतो. आयोगाने लिहून ठेवलं की कर्जबाजारीपणाचं कारण म्हणून लग्नखर्चाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलं आहे. ऐपतीच्या मानाने तो खर्च मोठा असेल, पण असे प्रसंग क्वचित येतात. खरा फास जमीनसारा, व्याज आणि कोर्टाच्या हुकूमनाम्यांचा होता.

आज फास दवाखाना, बियाणं-खतं आणि शाळेची फी यांचा असतो. लग्न दिसतं, कारण त्याला मंडप असतो.

सोनं घेणं हाही चंगळवादच का?

अर्धा. ज्या बाईच्या नावावर घर नाही, जमीन नाही, बँकेत फार काही नाही, तिच्या अंगावरचं सोनं हाच तिचा विमा. रात्री दोनला दवाखान्यात डिपॉझिट भरायचं असेल तर सकाळी उघडणारं गोल्ड लोनचं दुकान हेच तिचं सरकार. जागतिक आनंद अहवालात फिनलंड वर्षानुवर्षं पहिला येतो आणि २०२५ मध्ये आपण ११८ वे होतो, त्याचं एक कारण इथेच सापडतं. तिथल्या माणसाला आजारपणासाठी बांगड्या जमवाव्या लागत नाहीत. आपल्याकडे वस्तूंचा सोस आणि भविष्याची भीती एकाच कपाटात ठेवलेली असते, वेगळी काढणं कठीण.

उरलेला अर्धा भाग हळदीकुंकवाला दिसतो.

नो कॉस्ट ईएमआयवर घेतलं तर बिघडलं कुठे? व्याज तर लागत नाही.

लागतं. बिनव्याजी कर्ज अशी चीज नसते, हे सांगून रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये क्रेडिट कार्डवरच्या शून्य टक्के योजनांना चाप लावला. त्यानंतरच्या योजनांत बहुधा व्याजाएवढी सूट किमतीत दाखवतात आणि व्याज वेगळं घेतात. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, वर प्रोसेसिंग फी. रोखीने घेणाऱ्याला मिळाली असती ती सवलत तुमची गेलेली असते, ते वेगळंच. आणि कार्डाचं बिल 'मिनिमम ड्यू' भरून पुढे ढकललंत तर महिना साडेतीन टक्क्यांनी वर्षाला ४२ टक्के होतात. १८७५ च्या सावकारालाही हा दर ओळखीचा वाटला असता.

दुकानदार किंमत सांगतच नाही, 'महिना फक्त १९९९' सांगतो, यातच सगळं आलं. पूर्ण किंमत मोठ्याने उच्चारून बघा.

मुलांना हे वेड शाळेतून लागतं की घरातून?

दोन्हीकडून, पण वय महत्त्वाचं. चॅप्लिन आणि जॉन या संशोधक बायांनी २००७ मध्ये दाखवलं की आठ-नऊ वर्षांपासून बारा-तेरापर्यंत मुलांचा वस्तूंचा हव्यास वाढतो आणि सोळा-अठरापर्यंत पुन्हा उतरतो. मुलाचा स्वतःवरचा विश्वास याच्या बरोबर उलट खाली-वर होतो. त्यांनी एक साधा प्रयोग केला. सवंगड्यांकडून मुलांबद्दल चांगले शब्द लिहून घेतले आणि ते त्यांना वाचायला दिले. बारा-तेरा वर्षांच्या मुलांचा वस्तूंकडचा ओढा तेवढ्याने कमी झाला.

तेव्हा सातवीतला मुलगा अमुकच बूट हवेत म्हणून रडतो तेव्हा तो बहुधा बुटांबद्दल बोलत नसतो. बूट घ्यायचे की नाही ते तुमच्या खिशावर ठरवा. पण वर्गात त्याला कुणी डब्याला बोलावतं का, हे आधी विचारा. आणि त्याच्यासमोर पाहुण्यांच्या फ्लॅटची किंमत काढणं थांबवलंत तर फारच उत्तम.

वस्तूंऐवजी अनुभवांवर खर्च करा म्हणतात. मग ट्रिपला गेलेलं बरं?

व्हॅन बोव्हेन आणि गिलोविच यांनी २००३ मध्ये तसं मांडलं खरं. पण २०१८ मधल्या एका अभ्यासात दिसलं की हा फायदा खाऊनपिऊन सुखी वर्गालाच जास्त मिळतो. हात आखडता असलेल्यांना कामाच्या वस्तूनेही तेवढंच समाधान मिळतं. धुणं धुऊन कंबर गेलेल्या बाईला वॉशिंग मशीनऐवजी मनालीची सहल सुचवू नका. शिवाय फोटोसाठी केलेली सहल ही वस्तूच असते, फक्त तिला मायलेज नसतं.

संत तर पैशाला मातीच म्हणायचे. आपण ते विसरलो का?

संतांना आपण सोयीने वापरतो. तुकोबा वाण्याच्या घरातले, सावकारी असलेले. दुष्काळात घर होरपळलं. परंपरा असं सांगते की त्यांनी लोकांच्या कर्जाचे कागद इंद्रायणीत बुडवले, पण भावाच्या वाट्याचे कागद आधी वेगळे काढून त्याला दिले. मला या गोष्टीतला तो वाटा जास्त मोठा वाटतो. वैराग्य स्वतःच्या हिश्शाचं. दुसऱ्याला उपदेश नाही, दुसऱ्याच्या पैशाने त्यागही नाही. आणि कागद बुडाल्यावर मोकळे झाले ते ऋणको, हे विसरू नये.

सगळ्यांनीच खरेदी थांबवली तर रोजगार जातील, त्याचं काय?

कुणी थांबवणार नाही, निश्चिंत असा.

आमच्या घरात लग्न ठरतंय. नुसतं वाचून काय करू? कुठून सुरुवात करू?

पहिल्या बैठकीतून. नंतर उशीर होतो. दोन्हीकडच्या आईवडिलांनी मध्यस्थाशिवाय, शक्यतो मुलगा-मुलीसमोर बसावं आणि तीन आकडे कागदावर लिहावेत: एकूण खर्च, त्यातला प्रत्येकाचा वाटा, पाहुण्यांची संख्या. खर्च निम्मा-निम्मा ठरला की वरपक्षाच्या मागण्या आपोआप निम्म्या होतात, हे पुष्कळ घरांत पाहायला मिळतं. कर्ज काढावं लागत असेल तर तो आकडा ऐपतीबाहेरचा आहे, मग व्याजदर काही असो.

'आहेर आणू नये' हे पत्रिकेवर छापा आणि घरच्यांनीही पाळा. मानपानाच्या साड्यांची यादी दोन्हीकडून एकाच दिवशी रद्द करा. एका बाजूने केली तर रुसवा होतो. मुलीला काही द्यायचंच असेल तर तिच्या एकटीच्या नावावर द्या आणि भेटींची यादी करून दोघांच्या सह्या घ्या. विशेष विवाह कायद्याखाली करणार असाल तर ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, तो हिशेब तारखेत धरा.

आणि आत्याला, मोठ्या काकांना हे सगळं पत्रिका छापायच्या आधी, घरी जाऊन सांगा. नंतर त्यांच्या कानावर पडलं तर याच गोष्टी त्यांना अपमान वाटतील; आधी विचारलं तर तेच लोक चारचौघांत 'आमच्याच घरात ठरलं' म्हणून सांगत फिरतील.